डीएनए किट, आठ महिन्यांनंतर: मामाचे 2 टक्के कुठे गेले?

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये पूर्वज सांगणाऱ्या डीएनए किट मागवल्या, एक माझ्यासाठी, एक आईसाठी. बाबा घणसोलीचे आगरी, आई ठाण्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातली. घरी गौरी बसतात आणि नाताळात फुगेही तळले जातात. ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ हे स्थळं बघताना इतक्यांदा ऐकलं, की म्हटलं एकदाचं विचारूनच टाकू.

नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची, त्याआधी अर्धा तास खाणंपिणं बंद. माझं पाच मिनिटांत उरकलं. आईच्या तोंडाला पाणीच सुटेना. गाल चोळले, शेवटी मी समोर चिंच सोलत बसले. नळी भरली म्हणून बघतो तर निम्मा फेस, आणि फेस धरत नाहीत. तेवढ्यात सवयीने तिने चहाचा घोट घेतला. पुन्हा अर्धा तास. एवढं करून पहिला नमुना नापासच झाला. दुसरी नळी फुकट आली, हे मान्य करायला हवं.

नाताळच्या तोंडावर रिपोर्ट आला. दोघींचं बहुतेक सगळं पश्चिम आणि दक्षिण भारत, आणि आईच्या खात्यात 2 टक्के दक्षिण युरोप. झालं! पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली तिथपासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली तिथपर्यंतचा सगळा इतिहास मामाने जेवणाच्या टेबलावर ऐकवला. आडनाव पोर्तुगीज, म्हणजे रक्तही तिकडचंच, हे त्याचं जुनं म्हणणं.

मार्चमध्ये ॲप अपडेट झालं आणि ते 2 टक्के गायब. लाळ तीच, आई तीच. झालं असं, की हे आकडे थेट पूर्वजांवरून काढलेलेच नसतात. कंपनीकडे आजच्या माणसांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमचे तुकडे जुळवून अंदाज बांधतात. नमुने बदलले की टक्केही बदलतात. एक-दोन टक्क्यांवर भाषण करू नये. आमच्या कंपनीच्या यादीत आगरी नाहीत, ईस्ट इंडियन तर नाहीतच. आणि आडनावाचं म्हणाल, तर इथल्याच लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावं मिळाली. त्याला रक्त लागत नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा 1887 चं, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावं म्हणून घेतलेलं.

आईकडून आईकडे जाणारी रेघ वेगळी दाखवतात. मोठ्या आशेने उघडली, तर ‘एम’ गट. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा तोच. पत्ता विचारावा आणि ‘भारतात राहते’ असं उत्तर यावं, तसं. बाबांच्या बाबांची रेघ माझ्या नळीत सापडणारच नव्हती, कारण वाय गुणसूत्र मुलग्यांकडेच जातं. हे बॉक्सवर ठळक लिहायला काय होतं? त्यासाठी भावाची तिसरी किट घ्यावी लागली. त्याचे आणि माझे टक्के जुळेनात म्हणून आई दोन दिवस अस्वस्थ होती. सख्ख्या भावंडांनाही आईबापांचे तेच तुकडे मिळत नाहीत, हे तिला पत्त्यांचा कॅट पिसून दाखवलं तेव्हा पटलं.

खरी नावं मिळाली ती नाशिकला. रामकुंडावर आमच्या गावाची वही सांभाळणाऱ्या क्षेत्रोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि शके 1853 चं पान काढलं. मोडीत पणजोबांची सही, खाली भावांची, मुलांची नावं. दक्षिणा पाचशे एक. मुली मात्र त्या पानावर नव्हत्या. आईकडच्या बायका पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत निघाल्या, पणजीची गॉडमदरसुद्धा.

मे महिन्यात मी नमुना नष्ट करायला सांगितलं. ट्वेंटीथ्री अँड मी ही अशाच किट विकणारी अमेरिकन कंपनी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा ग्राहकांच्या डीएनएचं काय, हा प्रश्न जगभर निघाला होता. आमची कंपनी वेगळी, पण धास्ती तीच. आधी आपल्या डीएनएची कच्ची फाइल उतरवून घ्या, मगच खातं बंद करा. तो पर्याय सेटिंगमध्ये पार तळाशी आहे.

पाचपैकी अडीच. घ्यायचीच असेल तर स्वतःची घेऊ नका, आजीआजोबांची घ्या. त्यांच्यातला निम्मा डीएनए तुमच्या आईबापांपर्यंतही पोचलेला नसतो. चिंच घरात ठेवा. मामाला अपडेटचं अजून सांगितलेलं नाही.