पाच बोटांचा बूट: ढांग बदलते, वेग वाढत नाही

व्हिब्रम फाइव्हफिंगर्सचं केएसओ मॉडेल घेणाऱ्या धावपटूच्या मनात बहुतेक वेळा दोन अपेक्षा असतात: ढांग सुधारावी आणि वेग वाढावा. पहिली अपेक्षा पुरी होऊ शकते, पण बूट चढवला की आपोआप होत नाही. दुसरी होत नाही. हे परीक्षण फक्त धावण्यापुरतं आहे. चालायला किंवा व्यायामशाळेत हा बूट कसा, हा वेगळा विषय.

आधी वस्तू. प्रत्येक बोटाला स्वतंत्र कप्पा, वर जाळीचं पातळ ताणणारं कापड, पायाच्या उंचवट्यावरून जाणारा वेल्क्रोचा पट्टा आणि खाली काही मिलिमीटरचा तळ. टाच आणि चवडा एकाच पातळीवर, म्हणजे ड्रॉप शून्य. नेहमीच्या ट्रेनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिमी उंच असते. इथे कमानीला आधार नाही, टाचेभोवती कडक कवच नाही. वजन मापानुसार दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. नेहमीचा बूट अडीचशे ते तीनशेच्या घरात जातो.

आता ढांगेचं बघू. अनवाणी धावायला लागलं की माणूस पाऊल लहान टाकतो आणि पावलांची संख्या वाढवतो. समजा वेग ताशी 10 किमी आहे, म्हणजे मिनिटाला सुमारे 167 मीटर. मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर एक पाऊल 104 सेंटिमीटरचं. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, पाच टक्क्यांनी वाढून 168 झाला तर पाऊल 99 सेंटिमीटरवर येतं. वेग तोच. फरक पडतो तो पाऊल कुठे उतरतं यात. पाचच सेंटिमीटर, पण तेवढ्याने पाऊल शरीराच्या पुढे फार दूर न पडता कमरेच्या रेषेजवळ येतं, जमिनीला टेकताना गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि नडगी उभी राहते. प्रत्येक पावलागणिक लागणारा ब्रेक हलका होतो. कॅडन्स 5 ते 10 टक्के वाढवला की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे 2011 मध्ये हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. आणि ते सगळं बूट घालूनच मोजलं होतं, हेही ध्यानात ठेवावं.

चवड्यावर उतरण्याचा मुद्दा 2010 मध्ये डॅनियल लिबरमन यांच्या ‘नेचर’मधल्या शोधनिबंधानंतर घरोघरी पोचला. टाचेवर उतरताना पहिल्या काही शतांश सेकंदांत भाराचा एक टोकदार झटका येतो. चवड्यावर उतरलं की तो जवळजवळ दिसेनासा होतो. पण झटका गेला म्हणजे भार गेला असं नाही. पाऊल पूर्ण टेकलेलं असतानाचा सर्वोच्च भार शरीराच्या वजनाच्या अडीचपट किंवा त्याच्या आसपास राहतोच. गुडघ्याने जे काम सोडलं ते घोट्याकडे, पोटरीकडे आणि धोंडशिरेकडे, म्हणजे टाचेमागच्या शिरेकडे जातं. गुडघेदुखीने बेजार धावपटूला ही अदलाबदल सोयीची वाटते. पोटरी किंवा टाचेमागची शीर आधीच कुरकुरत असेल त्याला महागात पडते.

माझ्या मते या बुटाची सगळ्यात मोठी अडचण त्याच्या रबरात आहे. उघड्या तळव्याने कठीण जमिनीवर टाच आपटली तर दुखतं, आणि दुखलं की पुढचं पाऊल आपोआप बदलतं. शिकवणारी ती वेदना असते. केएसओचं रबर ही वेदना पुरेशी बोथट करतं, पण धक्का शोषून घेण्याइतकं जाड ते नाही. परिणाम असा की अनवाणी धावण्याचा सराव नसलेले बरेच जण हा बूट घालूनही टाचेवरच उतरत राहतात, आणि मग भार वाढण्याचा वेग जाड बुटापेक्षाही जास्त होतो. स्क्वाद्रोने आणि गालोत्सी यांनी 2009 मध्ये याच ब्रँडच्या बुटांवर चाचणी घेतली तेव्हा त्यातली ढांग अनवाणी ढांगेच्या बरीच जवळ आली. पण ते धावपटू अनवाणी धावण्यात आधीच मुरलेले होते. ज्याला येतं त्याचं हा बूट बिघडवत नाही. ज्याला येत नाही त्याला शिकवतही नाही.

अनवाणी म्हणजे चवडा, हे समीकरणही सरसकट खरं नाही. केव्हिन हाताला या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचं धावणं तपासलं. ही माणसं जन्मभर अनवाणी वावरणारी, तरीही स्वतःच्या आवडीच्या संथ वेगात 72 टक्के पावलं टाचेवर पडली. वेग वाढला तसं टाचेवर उतरणं कमी झालं. म्हणजे पाऊल कसं पडणार हे पायात काय आहे याइतकंच वेगावर, जमिनीवर आणि सवयीवर ठरतं.

वेगाचा हिशोब असा. पायातल्या दर 100 ग्रॅम वजनामागे धावायला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. 280 ग्रॅमचा बूट काढून 160 ग्रॅमचा घातला तर कागदावर सव्वा टक्क्याच्या आसपास बचत दिसते. पण तळातल्या मऊ गादीचंही मोल आहे. गादी नसली की धक्का पेलायचं काम स्नायूंना करावं लागतं आणि त्याची किंमत ऑक्सिजनमध्ये मोजावी लागते. फ्रान्झ, व्हिएर्झबिकी आणि क्रॅम यांनी 2012 मध्ये अनवाणी पायांना बुटाच्या वजनाइतकंच वजन लावून तुलना केली, तेव्हा बूट घातलेल्यांना 3 ते 4 टक्के कमी ऊर्जा लागली. वजन न लावलेले अनवाणी पाय आणि 150 ग्रॅमच्या आसपासचा हलका गादीचा बूट यांत अनवाणीच्या बाजूने काहीच फायदा दिसला नाही. केएसओ वजनाला त्या हलक्या बुटाएवढाच, आणि गादी नावापुरती. स्पर्धेत वेळ कमी करायची असेल तर हलका, थोडी गादी असलेला बूट याच्यापेक्षा सरस ठरतो. कार्बन प्लेटवाल्या जाड बुटांशी तर तुलनाच नको.

इथे इथियोपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं नाव हमखास निघतं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तोच माणूस बूट घालून जवळपास तीन मिनिटं लवकर पोचला. दोन शर्यती, दोन वेगळे मार्ग. त्यातून बुटाचा विजय सिद्ध होत नाही, आणि अनवाणी पायांचाही नाही. बिकिला अफाट होता, इतकंच.

दुखापतींबद्दल कंपनीचा इतिहास खरेदीदाराला माहीत असायला हवा. आरोग्याच्या फायद्यांचे दावे पुराव्याविना केले, अशा अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात व्हिब्रमने 2014 मध्ये चूक मान्य न करता 37.5 लाख डॉलरची तडजोड केली. त्याआधी 2013 मध्ये रिज आणि सहकाऱ्यांनी 36 धावपटूंच्या पायांचे एमआरआय काढले होते. दहा आठवडे हळूहळू फाइव्हफिंगर्सकडे वळलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडांत मज्जेला सूज दिसली. नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या 17 जणांत ती एकालाच होती. ही सूज स्ट्रेस फ्रॅक्चरच्या, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेच्या आधीची पायरी असू शकते. कारण सरळ आहे: स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाड आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी शीर) यांना महिने लागतात. पोटरीचं दुखणं थांबलं की माणसाला वाटतं जमलं, आणि नेमक्या त्याच वेळी तो अंतर वाढवतो.

म्हणून घेणार असाल तर क्रम असा ठेवा. बूट बाजूला ठेवून आधी खरोखर अनवाणी व्हा. गुळगुळीत, कठीण, स्वच्छ जमीन निवडा. हिरवळ नको, ती मऊ असल्याने टाच आपटलेली कळत नाही आणि गवतात काच दिसत नाही. पहिले दोन आठवडे रोज वीस-तीस मिनिटं चालणं. मग आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान 48 तास सोडून, सावकाश धावणं प्रत्येकी पाच मिनिटं. पाऊल न आपटता, न घासता पडायला लागलं की तेवढीच मिनिटं केएसओमध्ये करा, तीही नेहमीच्या हलक्या धावण्याच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. नंतर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा आणि तेवढीच मिनिटं नेहमीच्या धावण्यातून वजा करा. सलग अर्ध्या तासापर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतील असं धरूनच चाला. सुरुवातीलाच एका पायावर उभं राहून टाच वर उचलण्याचे वीस सलग उठाव होत नसतील, तर धावणं पुढे ढकलून आधी तेच करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताच्या अंगठ्याने पावलाच्या वरच्या बाजूने दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटामागची लांब हाडं दाबून बघा. पोटरीत पसरलेला ठणका चालेल. हाडावर एका बिंदूत दुखलं तर धावणं बंद, आणि आठवडाभरात कमी झालं नाही तर डॉक्टर.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, टाच जमिनीला लागूच न देणं. चवडा आधी टेकला तरी टाचेने नंतर हलकेच खाली यायचं असतं. ती अधांतरी ठेवली की सगळा ताण धोंडशिरेवर साचतो. दुसरी, पाऊल तेवढंच लांब टाकून फक्त बोटं खाली वळवणं. व्हिडिओत हे चवड्यावरचं धावणं दिसतं, ब्रेक मात्र पूर्वीइतकाच लागतो आणि मेटाटार्सल, म्हणजे बोटांमागची लांब हाडं जास्त वाकतात. तिसरी, कॅडन्स वाढवताना वेगही वाढवणं. घड्याळावर वेग कायम ठेवा, एका पायाची पावलं 30 सेकंद मोजा आणि चारने गुणा. बाजूने फोनवर स्लो मोशन घेतलात तर पाऊल टेकण्याच्या क्षणी नडगी उभी आहे का एवढंच पाहा. आधी टाच की चवडा हे त्यानंतर. आणि थकल्यावर पावलांचा ‘थप् थप्’ आवाज सुरू झाला, की त्या दिवसाचं धावणं संपलं.

मापाबद्दल. सगळ्यात लांब बोट कप्प्याच्या टोकाला हलकं टेकावं, दबू नये. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. त्यांनी त्या बोटावर माप ठरवावं, आणि अंगठ्याच्या कप्प्यात फार जागा उरत असेल तर हे मॉडेल सोडून द्यावं. घालताना सगळी बोटं आपापल्या कप्प्यात बसली की मगच टाच ओढून चढवायची. करंगळी सुरुवातीला हमखास चुकते. पट्टा आवळू नका. पावलाच्या वरच्या शिरा दाबल्या जाऊन तिथेच दुखायला लागतं आणि लोक दोष ढांगेला देतात. मोजे घालायचे तर बोटांचेच, आणि बूट निवडतानाही तेच घालून.

तळव्याला जमीन छान कळते, हा या बुटाचा खरा आनंद आहे आणि तो कोणत्याही जाड बुटात मिळत नाही. पण टोकदार खडीवर तोच तळ असह्य होतो आणि वेग आपोआप पडतो. उतारावर जपून: तिथे पाऊल पुढे पडून टाच आपटण्याचा मोह सर्वात जास्त असतो. ज्यांच्या तळव्याची संवेदना मधुमेहामुळे किंवा आणखी कशामुळे कमी झाली आहे, त्यांनी धावण्यासाठी हा बूट घेऊच नये.

घामाने वास लवकर येतो. गार पाण्यात सौम्य धुवावा आणि सावलीत वाळवावा. धुताना तळ उलटून नीट बघत चला, कारण झीज खोटं बोलत नाही. चवड्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीमागे रबर आधी गुळगुळीत होत असेल तर ठीक. टाचेची बाहेरची कड झिजत असेल तर पाऊल अजूनही पुढे पडतंय. अंगठ्याखाली किंवा चवड्याखाली गोल खड्डा पडत असेल तर पाऊल उचलताना पिळलं जातंय. पाय मागे रेटण्याऐवजी सरळ वर उचलण्याचा सराव करा, नाहीतर फोड त्याच जागी येईल.