१४ पानांचं पत्र आणि तीन ओळींचा मेसेज: नोकरी मोठ्या कंपनीत करावी की एखाद्या कुटुंबाच्या व्यवसायात?

भाचीच्या हातात एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या आल्या. एक मोठ्या कंपनीची. तिचं ऑफर लेटर १४ पानी, शेवटच्या पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेली. दुसरी एका कुटुंबाच्या छोट्या व्यवसायातली. तिथून मालकांचा मेसेज आला होता: "पगाराचं बोललो तसंच. एक तारखेपासून ये. बाकी आपण बघून घेऊ." तिने दोन्ही माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "मामा, तू दोन्हीकडे राबलायस. आता तूच सांग."

राबलोय हे खरं. नऊ वर्षं एका कुटुंबाच्या छापखान्यात आणि त्यानंतर अकरा वर्षं हजारो माणसांच्या कंपनीत. 'बाकी आपण बघून घेऊ' हे चार शब्द मी छापखान्यात इतक्या वेळा ऐकलेत की त्यांची किंमत मला नेमकी ठाऊक आहे. ती कधी खूप असते, कधी शून्य.

आधी एक गोंधळ दूर करतो. कुटुंबाचा व्यवसाय म्हणजे छोटाच, असं काही नाही. वॉलमार्ट या दुकानांच्या अमेरिकन साखळीत २० लाखांहून जास्त लोक काम करतात आणि तिचे निम्म्याच्या आसपास शेअर आजही वॉल्टन कुटुंबाकडे आहेत. तिथल्या नोकराला ते कुटुंब दिसतही नाही. मी बोलतोय ते दहा-वीस-चाळीस माणसांच्या जागेबद्दल, जिथे मालक दोन टेबलांपलीकडे बसतो आणि त्याच्या घरातलं भांडण सकाळी अकरापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

पगार

मोठी कंपनी जास्त पगार देते, हे फार जुनं निरीक्षण आहे. चार्ल्स ब्राउन आणि जेम्स मेडॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली हे नीट तपासलं. मोठ्या कंपन्या जास्त शिकलेली माणसं घेतात, तिथलं काम जास्त कंटाळवाणं असतं, युनियनची भीती असते, अशी सगळी कारणं वजा करून पाहिली, तरी फरक उरलाच. गेल्या काही दशकांत अमेरिकेत हा फरक बराच आटलाय, पण संपलेला नाही.

आकड्याआधी मात्र माणसं मोजावीत. बरेच कामगार कायदे डोकी मोजून लागू होतात. भारतात ग्रॅच्युइटी १० माणसांपासून, भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० पासून. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने आजारपणासाठी किंवा बाळंतपणासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, पण मालकाकडे किमान ५० माणसं असतील तरच. जर्मनीत नोकरीवरून काढण्याविरुद्धचं कायद्याचं मुख्य संरक्षण १० पेक्षा जास्त माणसं असली की सुरू होतं. याचा परिणाम फ्रान्समध्ये उघड दिसतो. तिथे ५० व्या कामगाराबरोबर नियमांचा एक गठ्ठाच मानेवर बसतो, आणि बरोबर ४९ कामगार असलेल्या कंपन्यांची तिथे गर्दी आहे. म्हणून छोट्या ठिकाणी जाताना 'किती माणसं आहेत' एवढंच विचारू नये. 'हजेरीपटावर किती आहेत' हे विचारावं. दोन्ही उत्तरं वेगळी निघू शकतात.

तरीही कमी पगारात लोक वर्षानुवर्षं अशा जागी का टिकतात? फ्रान्समधल्याच एका अभ्यासात मला याचं सगळ्यात पटणारं उत्तर सापडलं. डेव्हिड स्राएर आणि डेव्हिड टेस्मार यांनी २००७ साली शेअर बाजारातल्या कंपन्या तपासल्या. त्या काही छोट्या नव्हत्या, पण कुटुंबाच्या बऱ्याच होत्या. जिथे वारस गादीवर होते तिथे पगार कमी होते, आणि मंदी आली की माणसंही कमी काढली जात होती. म्हणजे हा विमाच झाला. हप्ता दर महिन्याला पगारातून जातो, फक्त पॉलिसीचा कागद कुणी हातात देत नाही.

माझ्या बाबतीत तो विमा एकदा पुरेपूर उतरला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी मालकांसमोर उभा राहून रजेचं काहीतरी पुटपुटायला लागलो. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. "आधी घर बघ," म्हणाले. सहा आठवडे मी छापखान्यात पाऊल टाकलं नाही, पगार एक तारखेला घरी आला, आणि पुढे त्याचा उल्लेख कधी झाला नाही. कंपनीत नंतर अशीच वेळ आली तेव्हा शिल्लक बारा दिवस मोजून मिळाले आणि तेरावा दिवस बिनपगारी लागला. मात्र त्या बारा दिवसांत कुणीही फोन केला नाही. छापखान्यातून रोज दोन यायचे, एक वडिलांच्या तब्येतीचा आणि एक 'ती निळ्या फायलीतली कोटेशन कुठे ठेवलीस' याचा.

रोजचं काम

एकदा पुस्तकाच्या एका फॉर्ममध्ये, म्हणजे एका तावावर एकत्र छापायच्या पानांत, दोन पानं उलटसुलट लागली. प्रूफवर सही माझी होती. मशीनवर निम्मे ताव छापून झाले होते तेव्हा ते लक्षात आलं. मालक आले, एक ताव उचलला, घडी घालून पाहिला आणि म्हणाले, "रद्दीत घाला. नवी प्लेट काढा." दोन मिनिटांत विषय संपला. नुकसान त्यांच्या खिशातलं होतं, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता.

कंपनीत ग्राहकांना जाणाऱ्या एका छापील अर्जावर शब्द चुकला होता. मी तो दाखवून दिला. दुरुस्त व्हायला पाच आठवडे आणि चार जणांची मंजुरी लागली. मधल्या काळात तोच अर्ज आणखी एकदा छापून आला. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ साली ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडून याच रोगावर बोट ठेवलं होतं. १९१४ ते १९२८ या काळात मोठी लढाऊ जहाजं ६२ वरून २० वर आली आणि ॲडमिरल्टीतले, म्हणजे नौदलाच्या मुख्य कचेरीतले, अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. वरच्याला हाताखाली माणसं हवी असतात, आणि ती माणसं एकमेकांना काम लावत बसतात.

पण त्या चार मंजुऱ्यांचा फायदाही मी घेतलाय. कंपनीत माझी एक घोडचूक झाली, तेव्हा माझ्या सहीखाली आणखी तीन सह्या होत्या. बैठकीत 'प्रक्रियेत त्रुटी' असं नोंदवलं गेलं आणि मी वेळेवर घरी जेवायला गेलो. छापखान्यातल्या उलट्या पानांनंतर मालक माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

शिकण्याचं थोडक्यात सांगतो. छोट्या जागी सगळं शिकायला मिळतं: कागदाची खरेदी, उधारी वसूल करणं, रात्री मशीन अडलं की कुणाला उठवायचं ते. पण शिकवणारा एकच असतो आणि त्याच्या चुकाही तुम्ही धडा म्हणून गिरवता. कंपनीत एकच गोष्ट शिकता पण खोलवर, आणि बायोडेटावर कंपनीचं नाव बघूनच पुढचा दरवाजा निम्मा उघडतो.

वर जाणं

सहाव्या वर्षापर्यंत मालक पाहुण्यांना माझी ओळख 'हा आहे म्हणून छापखाना चालतो' अशी करून द्यायचे. मग त्यांचा मुलगा शिक्षण संपवून आला. मालकांनी माझ्याकडची गोदामाची किल्ली परत मागितली नाही. दुसरी करून घेतली आणि त्याला दिली. पंधरा दिवसांत कागदवाला मला सोडून त्याला फोन करायला लागला. कुणीच काही वावगं बोललं नाही. मुलगाही चांगला होता, मला दादा म्हणायचा. 'पुढे तूच सगळं बघणार आहेस' हा शब्द मला मालकांनी दिला होता, आणि मालक हळूहळू दुपारचे यायचेच बंद झाले. विमा देणारा निवृत्त झाला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

जपानमधली कोंगो गुमी ही देवळं बांधणारी कंपनी इ. स. ५७८ पासून एकाच घराण्याकडे होती. २००६ साली कर्जात बुडून ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. इतकी शतकं ती टिकली याचं एक कारण असं, की मुलगा नालायक असला किंवा नसलाच तर ते कर्तबगार जावई शोधत आणि जावयाला कोंगो आडनाव देत. बाहेरच्याला वरची जागा मिळे, पण त्याआधी त्याला घरातला व्हावं लागे. बहुतेक कुटुंबं तर एवढीही सोय ठेवत नाहीत.

ताबा सोडायचा नाही, ही भावना हिशेबापेक्षा मोठी असते. स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांचा २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहकारी संघात गेलं तर धोका कमी होत होता, तरी कुटुंबाच्या घाण्या जायला राजी नसत, कारण मग निर्णय आपल्या हातात राहणार नव्हता. तुमची नोकरी असल्या निर्णयावर टेकलेली असते, आणि तो जेवणाच्या टेबलावर होतो. तिथे तुम्हाला खुर्ची नसते.

कंपनीत खुर्च्या भरपूर, पायऱ्याही आखलेल्या. तिथली गोम वेगळी आहे. अकरा वर्षांत मला पाच साहेब मिळाले. तिसऱ्याने प्रमोशनचा शब्द दिला आणि तोच दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. चौथ्याने प्रेमाने विचारलं, "हे कुठे लिहिलंय का?" कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तक्रार, हकालपट्टी, राजीनामा

भाचीसाठी मला सगळ्यात जास्त काळजी याच भागाची वाटली. कुटुंबाच्या धंद्यात मालकाच्या भावाने त्रास दिला तर सांगायचं कुणाला? मालकाला. म्हणजे त्याच्या भावाला. कंपनीतला एचआर कंपनीचाच असतो हे मान्य, पण तिथे तक्रारीला तारीख पडते, समिती असते, कागद होतो आणि तो दडपायला कुणाला तरी सही करावी लागते. ज्या छोट्या जागी या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे पगार कितीही असो, तरुण मुलीने जाऊ नये असं माझं मत आहे. मुलानेही.

नोकरीवरून काढण्याची तऱ्हाही दोन्हीकडे निराळी. फेसबुकची मालक कंपनी मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० आणि गूगलची मालक कंपनी अल्फाबेटने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. इतक्या माणसांतला प्रत्येक जण वाईट काम करत होता असं कुणीही म्हणणार नाही. माझ्या कंपनीतही एका सकाळी शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं कार्ड गेटवर लाल झालं. त्याला ठरलेली भरपाई पै न पै मिळाली, निरोप द्यायला मात्र कुणी खाली आलं नाही. छापखान्यात माझ्या नऊ वर्षांत एकालाही काढलं नाही. नको झालेल्या माणसाला काम देणं बंद व्हायचं, बस्स. एक जुने कंपोझिटर (खिळे जुळवणारे) दोन वर्षं खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. ही दया की छळ, मला आजही ठरवता येत नाही.

सोडायची वेळ आली तेव्हा मी राजीनामा टाइप करून नेला. मालकांनी तो वाचला नाही. "घरचा समजत होतो," एवढंच म्हणाले. अनुभवाचं पत्र मिळायला सात महिने गेले. कंपनीतून बाहेर पडताना एक फॉर्म भरला, लॅपटॉप दिला, पावती घेतली.

भाचीला काय सांगितलं

१४ पानं आधी नीट वाचायला लावली. नवव्या पानावर सापडलंच: कंपनीला तिला काढायचं तर ३० दिवसांची नोटीस, तिला सोडायचं तर ९० दिवसांची. लेखी असलं म्हणजे न्याय्य असतंच असं नाही, पण निदान दिसतं तरी. घरावर कर्ज असतं किंवा कुणी तिच्या पगारावर अवलंबून असतं, तर मी पुढचा विचारच करू दिला नसता, तिथे सही करून मोकळी हो म्हटलं असतं. तसं काही नाही. तिला धंदा समजून घ्यायचाय, पुढे स्वतःचा काढायचाय, आणि त्यासाठी छोटी जागाच बरी. तीन-चार वर्षं, जास्त नाही. मालकांच्या घरातला पुढचा माणूस आज कामात आहे की उद्या उगवणार आहे, हे बघूनच.

मग तिला मालकांना मेल लिहायला लावला. तीनच प्रश्न: हजेरीपटावर किती माणसं आहेत आणि निधी वगैरे कापला जातो का, ती कुणाच्या हाताखाली काम करेल आणि पाच वर्षांनी तिथे कोण असेल, आणि तक्रार असली तर ती कुणाकडे न्यायची.

अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं: "एवढं लिहायचं काय त्यात? ये, समोर बसून बोलू."

ती गेली. दोन तासांनी परतली. मालक बरे वाटले, म्हणाली, सगळं मोकळेपणाने सांगितलं, मुलीशीही ओळख करून दिली, पुढे तीच बघणार आहे म्हणे. एवढं बोलून पर्सही न ठेवता ती लॅपटॉप उघडून बसली आणि पहिली ओळ टाइप केली: 'नमस्कार, आज आपलं जे बोलणं झालं ते माझ्या आठवणीसाठी खाली लिहिते आहे. काही चुकलं असल्यास कळवावं.'