रंग बदलणारं मिक्स्ड बेड डीआय रेझिन: समुद्री टँकसाठी घ्यावं का?

आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ४५० च्या आसपास. आरओनंतर तो २० वर येतो. गप्पी-मॉलीला तर बोअरचं पाणीच चालतं, पण माझ्या टँकमध्ये कोरल आहेत, त्यामुळे आरओच्या पुढे डीआयची (डीआयोनायझेशन, म्हणजे पाण्यातले उरलेले आयन काढण्याची) नळी हवीच. त्यासाठी हे मिक्स्ड बेड रेझिन घेतलं. कॅटायन (धन आयन) आणि अॅनायन (ऋण आयन) धरणारे दोन्ही मणी एकत्र मिसळलेले. टीडीएस मीटर सरळ शून्य दाखवतो.

सगळ्यात आवडला तो रंग. नवे मणी गडद निळे, संपलेले तपकिरी. पाणी खालून वर जातं, तसा तपकिरी पट्टा तळापासून वर सरकतो. नळी पारदर्शकच घ्या, नाहीतर या रंगाचे पैसे वाया. पट्टा वरच्या टोकाला पोचण्याआधीच मी मणी बदलते, कारण रेझिन थकलं की सिलिका आधी निसटते आणि मीटरला ती जवळजवळ कळतच नाही. कळते ती काचेवर तपकिरी शेवाळ धरल्यावर!

बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओतून आरपार जातो आणि अॅनायन मणी लवकर संपवतो. आरओचं पाणी रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं, म्हणजे तो वायू उडून जातो, आणि मग पंपाने डीआयमधून सोडलं, की रेझिन बरंच जास्त टिकतं.

दुकानात स्वस्तातलं सॉफ्टनरचं रेझिन पुढे करतील. घेऊ नका. ते कॅल्शियम काढून सोडियम देतं, टीडीएस तिथेच राहतो. पाकीट हवाबंद आणि मणी ओलसर आहेत ना, तेवढं हाताने चाचपून बघा.