एक टनाचे इलेक्ट्रिक चेन होइस्ट: एक हंगाम वापरल्यावर

गेल्या नवरात्रीच्या तोंडावर साउंडचे स्पीकर बॉक्स वर उचलायला एक टनाचे दोन होइस्ट (मोटरवर चालणाऱ्या चेनपुल्या) घेतले. तेव्हापासून गरबा, ऑर्केस्ट्रा, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधले कंपनी शो असं सगळं त्यांच्यावरच चाललंय. आधी हाताची चेनपुली होती. ब्रँड लिहीत नाही. जे सांगतोय ते या वर्गातल्या कुठल्याही होइस्टला लागू आहे.

वेळ वाचतो, पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्याच कारणाने. चेनपुलीला दोन पोरं थेट बॉक्सखाली उभी राहून साखळी ओढायची. आता कंट्रोलर घेऊन लांब उभं राहता येतं, आणि सिस्टीम वर जाताना खाली कोणी फिरकत नाही.

सोबत लोड सेल (टांगलेलं वजन मोजणारे काटे) घेतले, ते उत्तम झालं. आमचे एका बाजूचे ८ बॉक्स, फ्रेम आणि केबल धरून साधारण ५५० किलो होतात. पुढे-मागे दोन होइस्ट म्हणजे निम्मं-निम्मं वजन, असं सगळे धरून चालतात. मैदान लांबट नसेल तर ॲरे (एकाखाली एक टांगलेल्या बॉक्सची रांग) खाली झुकवावा लागतो, आणि तेव्हा आकडे बघण्यासारखे असतात: पुढचा उतरत उतरत शंभराच्या खाली जातो, मागचा चढतच राहतो. म्हणून मागचा पॉइंट एकट्याने सगळं वजन पेलेल असाच धरायचा. शिवाय ट्रसवर (ज्याला सगळं टांगतो त्या धातूच्या सांगाड्यावर) होइस्टचं स्वतःचं वजन येतं, साखळीसह ५० किलोच्या आसपास. ते हिशेबात कोणीच धरत नाही.

ट्रसवरून दर वेळी वाद. घोडबंदरच्या एका मैदानावर मंडपवाला म्हणाला, "भाऊ, हा टनाचा ट्रस आहे, बिनधास्त टांगा." टनाचा म्हणजे वजन सगळ्या लांबीवर पसरलेलं असेल तर. तेच मधोमध एका ठिकाणी टांगलं तर ढोबळमानाने निम्मंच चालतं. लोड चार्ट (ट्रसला कुठे किती वजन चालतं त्याचा तक्ता) दाखवा म्हटलं की "आजवर काही झालं नाही" हे ठरलेलं उत्तर. चार्ट नसेल तर आम्ही सिस्टीम खाली स्टॅक करतो. आयोजक कुरकुरतात, कुरकुरू देत. दोन स्लिंगचा (वजन टांगायच्या पट्ट्यांचा) 'व्ही' करून टांगतानाही तेच भान हवं. दोन पायांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका ताण येतो.

आमचे होइस्ट डी८ या सुरक्षा-वर्गातले. हा वर्ग फक्त उचलण्यासाठी आहे. शो चालू असताना लोकांच्या डोक्यावर वजन एकट्या होइस्टवर ठेवायचं नाही. उंची जमली की फ्रेमपासून ट्रसपर्यंत वेगळी स्टील सेफ्टी (आधाराची जादा तार किंवा साखळी) लागलीच पाहिजे, आणि तीही ढिली नको. फूटभर झोल ठेवला तर वजन तेवढं खाली येऊन झटका बसतो, मग शॅकल (जोडायची लोखंडी कडी) आणि ट्रस दोन्हींची परीक्षा. पॉलिस्टरचे गोल स्लिंग १०० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचे, म्हणून गरम लाइटजवळ स्टीलच.

आता तक्रारी. जनरेटर बदलला की फेज (थ्री-फेज विजेच्या तारांचा क्रम) उलटे येतात: 'वर' दाबलं की होइस्ट खाली. त्याहून वाईट म्हणजे अशा वेळी लिमिट स्विचही (साखळी टोकाला पोचली की मोटर थांबवणारा) भलत्याच दिशेला तोडतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही. रिकामा होइस्ट जरासा हलवून दिशा बघितल्याशिवाय आम्ही काहीही अडकवत नाही. फेज तपासणारा रिले आतच द्यायला हवा होता. सोबत आलेली चेन बॅगही (वर गेलेली साखळी जिच्यात जमा होते ती) तोकडी. साखळी काठापर्यंत येते, एक वेढा बाहेर लोंबला की बाकीची साखळी त्याच्यामागे घरंगळत डोक्यावर यायची. मोठी बॅग शिवून घेतली.

गंज खाडीलगतच्या मैदानांवर जास्त. नेरूळ, वाशीहून आलं की साखळी पुसून तेल लावावं लागतं, नाहीतर कड्यांच्या सांध्यात तांबूस पूड दिसायला लागते. ब्रेकची तक्रार नाही. बटण सोडलं की टक्‌ करून जागेवर थांबतो.

दोन-चार बॉक्सवाल्याने हा खर्च करू नये. ॲरे टांगणाऱ्याने घ्यावा, पण बजेट करताना लोड सेल, पक्के शिक्के असलेले शॅकल आणि स्टील सेफ्टी त्यातच धरावी. पुढची जोडी मी दुहेरी ब्रेकची, डी८ प्लस घेणार आहे. महाग आहे, पण थांबलेलं वजन धरून ठेवायला ती सेफ्टीशिवाय चालते, आणि रात्री उशिरा ट्रसवर माणूस चढवायची एक फेरी वाचते.