उलटलेला डंपर: क्रेनने उचलावा की डोझरने ओढावा?

चंद्रपूर भागातील खुल्या कोळसा खाणींत चालणारा १०० टनी (म्हणजे १०० टन माल वाहणारा) डंपर रिकामा असतानाही वजनाला सुमारे ७० टन भरतो, म्हणून तो कुशीवर पडला की मुख्यतः दोनच मार्ग उरतात. दोन क्रेन मिळाल्या तर चेसिसच्या मजबूत भागांना पट्टे बांधून तो सावकाश उभा करता येतो आणि चेसिसला पीळ कमी बसतो. मात्र क्रेनच्या पायांखालचा भराव पावसाने भुसभुशीत झालेला असेल, तर क्रेनच कलंडण्याची भीती असते. डोझरला वायर रोप लावून ओढणे लवकर होते, पण पलीकडून धरून ठेवणारा दुसरा डोझर नसेल तर डंपर चाकांवर धाडकन आदळतो, आणि ताणलेला रोप तुटला तर जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. जमीन साथ देत असेल तर, उत्पादन थांबले तरी, मी क्रेनचीच वाट पाहीन.

तपासणीत मात्र दोन्हीकडे घाई नको. आडव्या पडलेल्या इंजिनात तेल सिलिंडरमध्ये उतरलेले असू शकते आणि तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून इंजिन हाताने फिरवावे आणि भोकांतून काळे तेल बाहेर येते का, ते पाहावे. ओढून उभ्या केलेल्या डंपरच्या सस्पेन्शनजवळील वेल्डिंगची डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगीत द्रव लावून तडे शोधण्याची चाचणी) जरूर करावी, कारण तिथला केसाएवढा तडा धुळीखाली डोळ्यांना दिसत नाही.