एजंटसाठी टूलची माहिती कुठे लिहायची: हेल्प टेक्स्ट, स्किल फाइल की एमसीपी सर्व्हर?

तुमचं एखादं टूल आहे, टीमपुरतं असेल नाहीतर ओपन सोर्स, आणि आता ते क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर असले एजंट (सांगितलेलं काम स्वतः कमांड चालवून करणारे एआय प्रोग्राम) पण वापरणारेत, तर त्यांच्यासाठी माहिती कुठे लिहायची हे ठरवावंच लागतं. मी एकाच टूलसाठी तिन्ही प्रकार करून बघितलेत. गोदामातल्या मालाचे रिपोर्ट काढणारं छोटं कमांड लाइन टूल आहे, त्याच्यावरूनच सांगतो.

आधी हेल्प टेक्स्ट, म्हणजे मदत मागितल्यावर टूल स्वतःच दाखवतं ती माहिती, कारण हे सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो. आमच्या हेल्पमध्ये एका ऑप्शनपुढे फक्त "तारीख" एवढंच लिहिलेलं होतं. एजंटने ०३/०४ दिली, त्याच्या हिशेबाने ४ मार्च, टूलने आपल्या पद्धतीने ३ एप्रिल धरली, रिपोर्ट आला, आकडे आले, एरर कुठेच नाही, आणि ते आकडे बघून मालाची ऑर्डर गेली. मग आम्ही तिथे लिहिलं, "तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्या, उदा. २०२५-०४-०३", बाकी फॉरमॅट बंदच केले, आणि एरर मेसेजमध्ये पण तेच वाक्य टाकलं. आधी एररमध्ये नुसतं "चुकीचा इनपुट" यायचं, ते वाचून एजंट काहीतरी वेगळं करून परत परत प्रयत्न करत बसायचा, आता दुसऱ्या खेपेला बरोबर देतो. एरर मेसेज हे पण डॉक्युमेंटेशनच आहे, आणि एजंट ते अगदी अडलेल्या क्षणी वाचतो. अजून एक, टूल मध्येच "खात्री आहे का?" विचारून थांबत असेल तर एजंट तिथे लटकतो, त्यामुळे तो प्रश्न टाळायचा ऑप्शन ठेवा आणि हेल्पमध्ये तसं लिहा.

हेल्प टेक्स्ट कमी कुठे पडतं, तर क्रम सांगायला. आमच्याकडे आधी सिंक करायचं, मगच रिपोर्ट, नाहीतर जुना स्टॉक दिसतो. हे कुठल्या एका ऑप्शनखाली लिहिणार? त्यासाठी फाइल लागते. एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी ही फाइल सेशन सुरू होतानाच अख्खी वाचली जाते, म्हणून ती आखूडच हवी, माझी वाढत वाढत तीनशे ओळींची झाली होती आणि महत्त्वाची सूचनाच हरवायला लागली. स्किलचं गणित वेगळं आहे. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेला हा प्रकार, एक फोल्डर आणि त्यात स्किल डॉट एमडी, एजंटला सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन दिसतं, गरज पडली की मगच तो आतलं वाचतो. त्यामुळे वर्णनात टूल काय करतं याच्या बरोबरीने ते कधी उघडायचं हे स्पष्ट लिहा, नाहीतर आत कितीही छान लिहिलेलं असो, तो उघडणारच नाही. एलएलएमएस डॉट टीएक्सटी याच्यात धरू नका, जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली ती साइटवरच्या डॉक्सची लिंक-यादी आहे, लायब्ररीसाठी ठीक, आपल्या कामाला नाही.

आता एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआय अ‍ॅपला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनेच जाहीर केलेला प्रोटोकॉल, प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (काय आणि कुठल्या स्वरूपात द्यायचं ते) सर्व्हरच सांगतो. मोठा फायदा म्हणजे युजरकडे टर्मिनल नसलं तरी चॅट अ‍ॅपमधून चालतं, आणि लॉगिन, परवानग्या सर्व्हरवर नीट सांभाळता येतात. पण सर्व्हर चालवायचा, अपडेट करायचा, आणि बऱ्याच क्लायंटमध्ये सगळ्या टूल्सची वर्णनं कामाच्या आधीच कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एजंट एका वेळी डोळ्यासमोर ठेवतो त्या मजकुरात, जाऊन बसतात. मी प्रत्येक एपीआय एंडपॉइंटचं, म्हणजे आमच्या सिस्टिमला विचारता येणाऱ्या प्रत्येक बारीक विनंतीचं, एक टूल केलं होतं, २२ झाली, सारख्या नावांमध्ये एजंट गोंधळायचा. माणूस जे काम सांगतो त्या मापाची ६ ठेवली तेव्हा कुठे सुधारलं. आणि "हे टूल डेटा उडवतं" असा इशारा जोडायची सोय आहे तिच्यावर भरवसा ठेवू नका, क्लायंटसाठी ती फक्त सूचना असते, परवानगी नसलेलं डिलीट सर्व्हरनेच अडवायचं.

माझं मत विचाराल तर वापरणारे सगळे डेव्हलपर असतील आणि एजंटला टर्मिनल मिळत असेल तर हेल्प टेक्स्ट नीट करा, वर एक स्किल लिहा, एमसीपीच्या मागे लागू नका. आमच्याकडे अकाउंट्सच्या दोघीजणी चॅटमधूनच रिपोर्ट मागतात, फक्त त्यांच्यासाठी सर्व्हर ठेवलाय. काहीही निवडा, पण कोरं सेशन उघडून "मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढ" एवढंच सांगा आणि तो पहिल्यांदा कुठे अडखळतो ते शेजारी बसून बघा, आमची सिंकची ओळ तशीच सापडली.