आठ महिन्यांनंतर: नोटेशनच्या फाइली बाहेर काढताना

फोंड्याला माझ्याकडे अकरा मुलं व्हायोलिन शिकतात. चवथीच्या आरत्यांसाठी दोन व्हायोलिन, हार्मोनियम आणि घुमट, शामेळ ही आमची तालवाद्यं असं सगळं म्यूझस्कोर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढलं. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आठ महिने जवळजवळ रोज वापरून सांगतो, लिहायला उत्तम आहे. खरी कसोटी फाइल दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा लागते.

छापायला पीडीएफ. प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत एकदमच निघते. सुरुवातीला मी पीएनजी काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवत होतो. तिथे चित्र दाबलं जाऊन इतकं पुसट झालं की एका मुलीला शार्पची (स्वर अर्धा चढवायची) खूण दिसलीच नाही. आठवडाभर तिने चुकीचा स्वर घोटला, आणि बोटाला बसलेला स्वर सोडवणं फार कठीण. आता फक्त पीडीएफ, तीही डॉक्युमेंट म्हणून.

मिडीने, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा एवढंच सांगणाऱ्या फाइलीने, जास्त मनस्ताप दिला. मडगावच्या कीबोर्डवाल्या मित्राने मागितली म्हणून दिली. त्याच्याकडे घुमटाची ओळ बास ड्रम आणि स्नेअरवर वाजली. जनरल मिडी या मिडीच्या ठरलेल्या वाद्ययादीत तालवाद्यं 10 नंबरच्या चॅनलवर असतात आणि तिथल्या ठरावीक स्वर-नंबरांना एकेक ड्रम ठरलेला. घुमटाला जागाच नाही. 2019 मध्ये गोवा राज्याचं वारसा वाद्य ठरलेलं आमचं घुमट तसं ऐकून जीव तुटला. शिवाय मिडीत स्वराला नुसता नंबर असतो; मधल्या सप्तकातले सी शार्प आणि डी फ्लॅट (एकाच पट्टीची दोन नावं) दोन्ही 61च. तुम्ही कागदावर कोणता लिहिला होता, ते मिडीच्या नंबरात राहत नाही. कानाने ऐकून सराव करायला मिडी ठीक, वाचायला नाही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचे असतील तर म्यूझिकएक्सएमएलच द्या; ही स्वरलिपी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीची फाइल. त्यात स्वराचं नाव, स्लर (स्वर जोडून वाजवायची कमान), गाण्याचे शब्द सगळं जातं. ‘विघ्न’मधला ‘वि’ एका नोटेखाली आणि ‘घ्न’ पुढच्या नोटेखाली, जोडाक्षर न फुटता मित्राकडे जसाच्या तसा उघडला, तेव्हा मला खरंच आनंद झाला. हाताने सरकवलेल्या खुणा आणि पानाची मांडणी मात्र थोडी हलते, ती पुन्हा नीट करावी लागते.

ऑगस्ट 2024मध्ये फिनाले या स्वरलिपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं काम थांबवत असल्याची घोषणा झाली. चर्चच्या कॉयरचे एक वयस्कर मास्तर माझ्या ओळखीचे; त्यांची कित्येक वर्षांची स्वरलिपी त्याच फाइलींत आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर फिनाले अजून चालतंय, तोवर आम्ही दोघं दर रविवारी दुपारी बसून एकेक फाइल म्यूझिकएक्सएमएल करतो, आणि छापील प्रत शेजारी ठेवून मेझर बाय मेझर (एकेक आवर्तनखंड) ताडून बघतो.